१९५ चा टायर न विकल्याबद्दल आभार

मामा,

सप्रेम नमस्कार.

पत्रबित्र वाचत बसणाऱ्यांतले तुम्ही नाही, हे माहीत आहे. तुमच्या टायरच्या दुकानातला पोरगा वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितोय ते मुद्दाम. जुन्या गाडीला रुंद टायर टाकायचा विचार हल्ली ज्याच्या त्याच्या डोक्यात असतो, आणि कंपनीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या रिमवर, नेमका केवढा टायर चालतो हे तुमच्याइतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं.

माझी स्विफ्ट २०१७ ची, व्हीएक्सआय मॉडेल, लोखंडी डिस्कवाली. कंपनीचा टायर १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आणि रिम चौदा इंची. पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढचं तोंड सरळ जायला बघायचं. यावर प्रत्येकाचा सल्ला एकच, टायर रुंद कर. माप मात्र ज्याचं त्याचं वेगळं. भाचा १९५ वर अडून बसला होता. एका दुकानात तर ‘१९५ आरामात बसतंय’ म्हणून मशीन सुरूसुद्धा करायला निघाले होते.

तुम्ही टायरच्या रॅककडे बघितलंसुद्धा नाही. पुढचं चाक उतरवलं, आतल्या बाजूचा वाळलेला चिखल तारेच्या ब्रशनं खरवडला आणि फडक्यानं पुसून मला वाकायला लावलं. लोखंडात ठोकलेलं होतं, १४ x ५जे. ‘पाच इंची हाय. आता पाचावर काय चालतंय एवढंच बघायचं.’ ‘जे’ म्हणजे टायरची बीड (आतली जाड कड) जिथं बसते त्या रिमच्या कडेचा आकार, आणि पाच ही दोन कडांमधली आतली रुंदी, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं गाडी चालवून मी तो आकडा कधी पाहिला नव्हता. बहुतेकांनी पाहिलेला नसतो.

मग तुमचा तक्ता निघाला, कोपरे झिजलेला. १८५/७० ला साडेचार ते सहा इंची रिम चालते, म्हणजे आपली पाच त्यात बसते. १९५/६५ ला मात्र कमीत कमी साडेपाच लागते. भाच्यानं विचारलं, मग तिकडे कसं बसवत होते? ‘बसतंय आणि चालतंय ह्यात फरक हाय. बारक्या पट्ट्यात मोठं पोट बी बसतंय.’ भाचा हसला, पण तुम्ही थांबला नाहीत. अरुंद रिमवर रुंद टायरच्या दोन्ही साइडवॉल आत ओढल्या जातात, मधली नक्षी फुगून वर येते आणि आधी तीच झिजते. वळणावर साइडवॉल डुलते, स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळतं. त्यात हवा कमी असली, तर ट्यूबलेसची बीड जागेवरून सरकायची भीती.

सगळ्यात मोलाचा हिशोब तुम्ही खडूनं एका जुन्या ट्यूबवर मांडलात. १६५ चे ८० टक्के १३२. वरची-खालची मिळून २६४. त्यात चौदा इंचाचे ३५५.६ मिळवले की चाकाची उंची ६१९.६ मिलिमीटर. १८५/७० धरला तर ६१४.६. पाच मिलिमीटरचा फरक, एक टक्कासुद्धा नाही, त्यामुळे स्पीडोमीटरच्या काट्याला काही कळत नाही. पण १८५/६५ आर १४ घेतला तर ५९६ वर येतो. जवळजवळ चार टक्के कमी, गाडी बारा मिलिमीटर खाली, आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार. लोक इथंच फसतात, कारण वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीच १८५/६५ देते. तो पंधरा इंची रिमवरचा असतो, उंची ६२१.५, म्हणून तिथं जुळतो. पहिले दोन आकडे सारखे, शेवटचा वेगळा. शेवटचा कोण वाचतंय?

एवढं झाल्यावर तुम्ही विचारलंत, ‘पण रुंद पायजेच कशाला?’ मी घाटातलं सांगितलं. तुम्ही टायर फिरवून साइडवॉलवरचे चार आकडे दाखवलेत, २३१७. २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, पण नख दाबलं तर रुतेना, आणि साइडवॉलवर केसासारख्या भेगा. ‘रबर दगड झालंय. माप कशाला बदलताय, रबर बदला की.’

पाण्याचंही तेव्हाच समजावलंत. वजन तेच आणि हवा तीच असेल तर रुंद टायरचं रस्त्यावर टेकणारं क्षेत्र फारसं वाढत नाही, आडवं पसरतं आणि लांबीला कमी होतं. साचलेल्या पाण्यात त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो. कोरड्या रस्त्यावर, वळणावर १८५ थोडा सरस ठरला असता, हे तुम्हीही नाकारलं नाहीत आणि मीही नाकारत नाही. मोकळ्या हायवेवर उन्हाळ्यात फिरणाऱ्यानं तो जरूर घ्यावा. माझं येणं-जाणं आंबा घाटातून साखरप्याकडे, तेही जून ते सप्टेंबर.

शेवटी १६५/८० च चढवले, लोड इंडेक्स (वजन पेलायचा आकडा) मूळचाच, ८५, म्हणजे टायरमागे ५१५ किलो. १८५ विकला असतात तर तुम्हाला जास्त सुटले असते. वर वॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग समोर उभं करून, आणि नायट्रोजन मागितला तर ‘साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतोय’ म्हणून मला गप्प केलंत. स्टेपनी न वापरलेली असली तरी त्याच वयाची आहे, तिच्यावर पंक्चरच्या दुकानापलीकडे जाऊ नका, हेही बजावलंत. (भाच्यावर जरा जास्तच ओरडलात. त्याला त्याची गरज होती.)

यंदा आंबा घाटात एका वळणावर पुढची एसटी अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, पाऊस धो धो होता, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. बाजूला बसलेली आई जागीसुद्धा झाली नाही. त्याच रात्री हे पत्र लिहायचं ठरवलं.

दिवाळीच्या आधी टायर पुढचे मागे करायला आणि अलाइनमेंटला येतो. सोबत मेहुणा असेल, त्याच्या वॅगन आरसाठी त्यानं कुठलंसं माप मनात पक्कं केलंय. त्याच्याशी मी वाद घालत नाही, ते काम तुमचं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पांढऱ्या स्विफ्टवाला