तो खळगा मोजायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय संपवलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. घरी शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की शिशाचा कडकपणा मोजायला कोणतं साधन घ्यावं. तुम्ही मला जे दाखवलंत ते माझ्यापुरतं ठेवणं बरं वाटेना.

माझ्याकडचं शिसं तीन जातींचं होतं: गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती वजनं, जुन्या पाइपांचं मऊ शिसं आणि छापखान्यातले अक्षरांचे कडक खिळे. सगळ्याच्या वड्या पाडून एकाच पेटीत टाकलेल्या. बॅरलमध्ये, म्हणजे बंदुकीच्या नळीत, शिशाचा थर धरायला लागला तेव्हा मिश्रण मऊ पडतंय असं समजून मी खिळ्यांचा धातू वाढवत गेलो. थर आणखीच वाढला. मी तुमच्याकडे आलो तो यंत्रांची यादी घेऊन, आणि तुम्ही ती बाजूला ठेवून विचारलंत, “बॅरल मोजलीस का?”

मोजली नव्हती. मऊ शिशाचा तुकडा बॅरलमधून हलकेच ठोकत काढून मोजला, तर माझ्या गोळ्या नळीच्या आतल्या पिळदार चरांच्या मापापेक्षा बारीक निघाल्या. गोळी बारीक आणि वरून कडक असली की ती दाबाखाली फुगून नळी भरत नाही. कडेनं गरम वायू निसटतो आणि शिसं नळीला फासत जातो. कडकपणा वाढवून मी दुखणंच वाढवत होतो, हे त्या दिवशी कळलं.

मग यंत्रांकडे वळलो. एलबीटी कंपनीच्या साधनावर ब्रिनेलचा, म्हणजे कडकपणाच्या मापाचा, आकडा थेट वाचता येतो, ते मला मोहवत होतं. सेको कंपनीच्या साधनाचं माप स्वतःचं, ते ब्रिनेलमध्ये बदलायला तक्ता लागतो. ली कंपनीचा संच स्वस्त, पण त्याला काडतुसं भरण्याचा प्रेस हवा. तो माझ्याकडे होताच. त्यात 5/32 इंचाची पोलादी गोळी 60 पौंडांच्या दाबानं 30 सेकंद शिशावर टेकवायची, आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास 20 पट मोठं दाखवणाऱ्या छोट्या सूक्ष्मदर्शकातून वाचायचा.

तुम्ही तुमचाच संच माझ्यापुढे ठेवलात आणि एकच खळगा पाच वेळा वाचायला लावलंत. माझे पाच आकडे पाच तऱ्हेचे आले! तेव्हा तुम्ही कागदावर गणित मांडलंत, ते मी जपून ठेवलंय. शुद्ध शिसं, म्हणजे ब्रिनेल 5 च्या आसपास, त्यात खळगा जवळजवळ अडीच मिलिमीटरचा. 12 ला तो 1.66 आणि 14 ला 1.54. पुढे 20 आणि 22 मधला फरक तर जेमतेम 0.06 मिलिमीटर, म्हणजे एका केसाएवढा. माल जितका कडक, तितकी चूक महागात. हातात धरलेली सूक्ष्मदर्शकाची नळी श्वासासरशी हलते, तिथे केसाएवढं अंतर कसं दिसणार?

त्यावर तुम्ही केलेला उपाय किती साधा! लाकडाच्या ठोकळ्याला त्या नळीच्या मापाचं भोक पाडलंत, खाली वडी ठेवायला जागा केलीत आणि बाजूनं दिवा लावलात. खळग्याची कड अशी स्वच्छ उठून दिसली की पुढचे पाचही आकडे एका जागी आले. मला हाच संच घ्यायला सांगितलंत, आणि महागड्या साधनावर जाणारे पैसे वाचले. ज्यांची नजर बारीक रेघांवर ठरत नाही त्यांनी मात्र थेट आकडा दाखवणारंच साधन घ्यावं, हेही तुम्ही बजावलं होतंत. ते इथे मुद्दाम लिहितोय.

बाकीच्या सवयीही तुमच्याच. वडीवर आधी कानस फिरवून सपाट, चकचकीत जागा करायची, कारण वरच्या काळपट थरावरचा आकडा खोटा. प्रत्येक वडीवर ओतल्याची तारीख कोरायची. चाकांच्या वजनांत शिसं कडक करणारं अँटिमनी असतं, त्यामुळे साच्यातून थेट पाण्यात टाकलेल्या गोळ्या पुढचे कित्येक दिवस कडक होत राहतात. त्याच दिवशी मोजलं तर फसगत ठरलेली. चाकांच्या वजनांत जस्ताची निघाली तर ती वेचून बाजूला. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 419 ला, म्हणून आच आवरती ठेवली तर जस्त वर तरंगतं आणि काढता येतं. बॅटरीच्या शिशाला हात लावायचा नाही, हे तर तुम्ही दरडावूनच सांगितलंत. भट्टी उघड्या हवेत, आणि उठल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यालाही शिवायचं नाही.

आता पेटीत तीन कप्पे आहेत. गोळ्या योग्य मापाच्या ओततो, मिश्रण 12 च्या जवळपास ठेवतो. परवा पन्नास गोळ्या झाडल्यावर बॅरलमधून कापड फिरवलं, तर त्यावर शिशाचा कणही आला नाही. मी तसाच ते कापड हातात धरून बराच वेळ उभा होतो.

निघताना तुम्ही शुद्ध शिशाची एक वडी हातावर ठेवली होतीत. “मोजायला बसलास की आधी हिच्यावर एक खळगा पाड. आकडा पाचाच्या आसपास आला नाही तर त्या दिवशी बाकी काही मोजू नकोस,” असं म्हणाला होतात. ते पाळतोय, काका. वडीची एक बाजू खळग्यांनी भरली आहे. काल उलटी करून दुसरी बाजू कानशीनं साफ केली.

आपला ऋणी,
तुमच्या ठोकळ्याची हुबेहूब नक्कल वापरणारा पुतण्या