‘मला काही नको’ म्हणू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘मला त्या घरातलं काही नको, सही कुठे करायची तेवढं सांगा’ म्हणालास आणि लगेच विषय बदललास. फोनवर तुझ्याशी बोलणं पुरं होतच नाही, अडचणीचं काही निघालं की तुझी रेंज जाते. म्हणून लिहायला बसले.

दादाला बाबांचं घर विकायचंय, ताईला ठेवायचंय, आणि तुला त्यांच्या मध्ये पडायचं नाही. हक्क सोडला की आपण सुटलो, असं तुला वाटतंय. पण सोडणार कोणाच्या नावे? दोघांच्या नावे सोडलास तर घर दोघांचं अर्धं अर्धं होईल. मग ताईला ते ठेवायचं तर तिने दादाला निम्मी किंमत द्यायला हवी. आज तिला त्याला फक्त तिसरा हिस्सा द्यायचाय, आणि तुझ्या हिश्शासाठी तू थांबू शकतोस. म्हणजे मोठेपणा तुझा आणि भुर्दंड तिला. बरं, एकट्या ताईच्या नावे सोडलास तर दादाला वाटणार की दोघांनी मिळून मला एकटं पाडलं. तो तोंडाने बोलणार नाही. तुला त्याचा स्वभाव माहीत आहे, वर्षानुवर्षं मनात ठेवील.

आणि काय सोडतोयस ते तरी तुला कुठे ठाऊक आहे? घराची किंमत तुम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नाही. दादा शेजारचं घर केवढ्याला गेलं ते सांगतो, ताई गळकं छत दाखवते. दोघंही आपापल्या सोयीचं बोलतात, त्यात वाईट काही नाही. तुम्हा तिघांशी काही संबंध नसलेल्या दोन माणसांकडून रीतसर मूल्यांकन करून घ्या आणि दोन आकड्यांची सरासरी धरा. ती रक्कम समोर ठेवून मग म्हण, मला नको. तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही. वैतागून सोडलेलं आणि समजून दिलेलं यात फार फरक असतो, आणि एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं कठीण.

आकडा आला तरी लगेच तीन भाग करू नका. बाबांच्या आजारपणातली औषधं आणि छताचं काम हे ताईने स्वतःच्या खिशातून केलं. तिने पावत्या तुम्हाला कधी दाखवल्या नाहीत, पण मी त्या एका पाकिटात जपून ठेवल्यात. ती रक्कम आधी बाजूला काढायची, उरेल त्याचे तीन भाग. तिने जागवलेल्या रात्रींचा हिशेब कोणी करू शकत नाही, तिने मागितलेलाही नाही. पण पावत्यांचा करता येतो, तर तो करा.

दादा पैशामागे लागलाय असं पुन्हा म्हणू नकोस. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. आणि बाबांची घड्याळं दुरुस्त करायची पेटी घरातून कोणी मागून नेली? त्यानेच.

‘राहू दे सध्या तसंच, बघू पुढे’ हे मात्र तिघांनीही डोक्यातून काढा. बंद घर जागच्या जागी राहत नाही. मागच्या महिन्यात ताईबरोबर गेले होते. मागच्या खोलीच्या खिडकीशी वाळवीची मातीची रेघ वर चढलेली दिसली. ताईने चौकटीवर बोट दाबलं तर ते सरळ आत गेलं. वरून रंग अगदी जसाच्या तसा! घरपट्टी, वीज, दुरुस्ती हे सगळं चालूच आहे आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा भरतोय. आज तीन सह्यांत काम होतं. तुमच्यानंतर दादाची दोन, ताईची दोन आणि तुझी एक, अशा पाच सह्या लागतील, आणि ती पाच जणं एकमेकांना कितपत ओळखत असतील देव जाणे.

माझ्यासाठी म्हणून घर ठेवू नका. मी ताईकडे रुळलेय. तिला पुढे-मागे तिथे राहायला जायचंय, तर तिने घ्यावं, दादाला त्याचा हिस्सा एकरकमी द्यावा आणि तुला हप्त्याने. हे माझं मत. हप्ते मात्र कागदावर हवेत, तारखांसकट. बहीण-भावात कसला कागद, असं कोणी म्हणालं तर मी सांगितलंय म्हणून सांग. दुसरं काही ठरलं तरी माझी हरकत नाही. बाबांनी घर तिघांच्या नावे समान केलं ते मला विचारूनच, तेव्हा ठरवायचं तिघांनीच.

रविवारी तिघं एकत्र फोनवर बोला. मी त्यात नसेन. आधी दोघांचं ऐक, पण नंतर तुला काय हवंय ते सांग. पैसे हवे असतील तर पैसे म्हण. माडीवरची खोली अधूनमधून येऊन राहायला हवी असेल तर तसं म्हण. ‘तुम्ही ठरवाल ते’ हे उत्तर नव्हे.

सूनबाईंना आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. कुठलाही कागद सही करण्याआधी वकिलाला दाखव. तो दादाच्या ओळखीचा नको, आणि ताईच्याही नको.