मान टाकलेला शेंडा

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. बियांची पुडी पाठवायचीच होती.

तुझ्या कुंडीतल्या वांग्याचा फोटो पाहिला. सगळं झाड टवटवीत आणि एकच शेंडा मान टाकून बसलाय. तू म्हणालास, ऊन लागलं असेल, दोन तांबे पाणी जास्त घातलं. अरे, तहान लागली की सगळं झाड मलूल होतं, एकटा शेंडा नाही. तो शेंडा चांगला बोटभर खालून काप आणि उभा चीर. आत गुलाबीसर अळी असेल. वांगी धरली की हीच अळी फळात शिरते, आणि एकदा आत गेली की बाहेरून काहीही फवारा, तिला पत्ता लागत नाही. म्हणून तिला शेंड्यातच गाठायचं. कापलेला शेंडा कुंडीत टाकू नकोस, खताच्या डब्यातही नको. साबणाच्या पाण्यात बुडव. (याच अळीसाठी ते जनुक बदललेलं बीटी वांगं काढलं होतं, ज्याला 2010 मध्ये सरकारनं स्थगिती दिली. तुला तर कात्री पुरेल.)

पहिल्या वर्षी मलाही शेंडे कापवले नाहीत. परसात आठ झाडं, हातानं वाढवलेली रोपं, जीवच होईना. मग पौषात दहा वांगी चिरली की सहा किडकी. तुझे बाबा एकेक वांगं उजेडात धरून भोक शोधायचे आणि सापडलं की बक्षीस लागल्यासारखं मला दाखवायचे. आता शेंडा वाकला की मी कात्री घेते. झाडाला काही होत नाही, खालून नव्या फांद्या फुटतात.

दुसऱ्या फोटोत 'लेडीबर्ड आल्यात' म्हणून तू खूश होतास. पानाची जाळी झालेली दिसली नाही का? लेडीबर्ड मावा नावाची बारीक कीड खाते, पान खात नाही. हा मळकट तांबूस, चकाकी नसलेला भुंगेरा आहे. ठिपके मोज, अठ्ठावीस भरतील. पान उलटं करून बघ, पिवळ्या काटेरी अळ्या असतील. वेचून त्याही साबणाच्या पाण्यात टाक.

निंबोळीचा अर्क करायचा तर 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजव, फडक्यातून पिळून घे, किंचित साबण घाल आणि संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवार. उरला तर ठेवू नकोस. तुडतुड्यांवर, म्हणजे पानांवरच्या त्या बारीक उड्या मारणाऱ्या किड्यांवर, तो चांगला. तेच तुडतुडे एक रोग पसरवतात: पानं बारीक होऊन झाडाचा गुच्छ होतो. तसं झाड दिसलं तर उपटून टाक, त्याला वांगं लागायचं नाही.

एवढ्या उंच गॅलरीत भुंगे येत नसतील, तर सकाळी फुलांना टिचकी मारत जा. फूल गळलं म्हणून लगेच फोन करू नकोस; आखूड दांड्याची फुलं गळतातच. आणि हो, गेल्या वर्षीच्या टोमॅटोची माती वापरू नकोस, दोघांची भावकी एकच, रोगही एकच.

पुडीत आपलं जळगावकडचं भरताचं वांगं आहे, हिरवं, मोठं. त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाबा पिशवीतून वांगी आणतात ती सत्कारमूर्ती घेऊन आल्यासारखी. तुझी वांगी चातुर्मासात निघाली तर खा, मी काही म्हणत नाही. आमच्याकडे मात्र चंपाषष्ठीला भरीत-रोडगा झाल्यावरच. पावसाळ्यातलं वांगं चिरून बघितलं की मला वाटतं, हा नियम कुणा माळ्याच्या बायकोनंच केला असणार.

पुडीवर साल लिहायचं राहिलं, पेन बाबांच्या खिशात गेलं होतं. बी गेल्या माघातलं आहे. सगळं एकदम पेरू नकोस.

तुझी,
आई