गुजरीतल्या मावशींना, ज्यांनी मला पाणी हलवायला शिकवलं

तीर्थरूप मावशींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. चार लोकांनीही ते वाचावं असं मला वाटतं. 'माझं नाव कुठं घालू नकोस बाई' असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून पुस्तकात नाव नाही आणि इथेही नाही. पण कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पहाटे घमेलं घेऊन बसणाऱ्या एका झारेकरी बाईने माझी कादंबरी मार्गाला लावली, एवढं तरी मला सांगू द्या.

कादंबरी क्लोंडाइकची आहे. कॅनडाच्या पार उत्तरेला, युकॉन नदीच्या खोऱ्यात 1896 साली सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत जवळजवळ लाखभर माणसं घरदार सोडून तिकडे निघाली. पोचली त्यातली निम्मीसुद्धा नाहीत. कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मी एक फोटो पाहिला होता. पांढराशुभ्र उभा चढ आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसांची काळी रांग, प्रत्येकाच्या पाठीवर ओझं. एरिक हेग नावाच्या फोटोग्राफरने 1898 च्या हिवाळ्यात टिपलेली ती चिल्कूटची खिंड. बर्फात खोदलेल्या दीड हजार पायऱ्या. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे, आणि वर्षभराची शिधासामग्री सोबत नसेल तर ते पुढे सोडत नसत. नुसतं पीठच माणशी 400 पौंड, म्हणजे 180 किलो. सगळं मिळून टनभर सामान. ते एका खेपेत कसं जाणार? तोच चढ तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा चढायचा, सामान वर ठेवायचं आणि पुन्हा खाली यायचं.

वीस वर्षं ती रांग माझ्या डोळ्यांसमोर होती. लिहायला बसले तेव्हा तिच्यावरच दीडशे पानं लिहून झाली. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडी मेली, ती लिहिली. 3 एप्रिल 1898 ला चिल्कूटखाली हिमकडा कोसळून साठांहून जास्त माणसं गाडली गेली, तेही लिहिलं. मे अखेरीस खिंडीपलीकडच्या तळ्यांवरचा बर्फ फुटला आणि तिथेच हातांनी बांधलेल्या सात हजारांवर होड्या एकदम क्लोंडाइकमधल्या डॉसन गावाच्या दिशेने सुटल्या, ते प्रकरण तर मी तीनदा लिहिलं. आणि तिथे अडले. माणसं पोचली, पण पुढे त्यांनी करायचं काय, ते माझ्या हाताला कळत नव्हतं.

त्याच दिवसांत आईला घेऊन अंबाबाईच्या काकड आरतीला आले होते. परतताना गुजरीची सगळी शटरं बंद होती, आणि एका पेढीच्या पायरीशी तुम्ही उकिडव्या बसला होता. हातात दाताच्या ब्रशएवढा कुंचा. फरशीच्या दोन दगडांमधली फट तुम्ही त्या कुंच्याने अशी झाडत होता, जसं कुणी झोपलेल्या पोराच्या कपाळावरचे केस मागे सारावेत. झाडलेली धूळ सुपलीत, सुपलीतून घमेल्यात. आई म्हणाली, झारेकरी आहेत, सोनारांच्या धुळीतून सोनं काढतात. मी तिथेच थांबले. आईला रिक्षाने पुढे पाठवलं, हे तुम्हाला आवडलं नव्हतं. 'आईला एकटं धाडलंस व्हय' हे तुमचं माझ्याशी पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात बसून मी तुम्हाला कादंबरीची गोष्ट सांगितली. रांग, घोडी, हिमकडा, होड्या. तुम्ही तांदूळ निवडत सगळं ऐकून घेतलंत. जोतिबाला पोती डोक्यावरून चढवतात तसंच की, म्हणालात. आणि मग विचारलंत, 'चालत्यात लई. पण धुत्यात कवा? आन् पाणी कुठनं आणत्यात?'

मावशी, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोनं म्हटलं की मी चढ पाहत होते, तुम्ही पाणी पाहिलंत.

घरी जाऊन मी सगळी टिपणं पुन्हा काढली आणि तुमचा प्रश्न मनात ठेवून वाचायला लागले. क्लोंडाइकचं सगळं दुखणं पाण्याचंच होतं. तिथली जमीन खाली बारा महिने गोठलेली. कुदळ लागत नाही. म्हणून खाणकरी रात्री जमिनीवर लाकडं पेटवायचे, सकाळी विस्तव बाजूला करून वितभर मऊ झालेली माती उकरायचे, पुन्हा जाळ. असं करत करत तळच्या खडकापर्यंत विहिरीसारखा खड्डा न्यायचा, कारण जड सोनं खाली खाली सरकत खडकावर जाऊन बसतं. माती रहाटाने वर ओढून ढीग घालायचा. ओढे गोठलेले, म्हणून धुवायला पाणीच नाही. अख्खा हिवाळा ढीग वाढत राहायचा. त्यात भाग्य आहे की नुसती वाळू, हे वसंतात ओढा वाहता होईपर्यंत नक्की कळायचं नाही. मग लाकडी पन्हळीतून पाणी सोडायचं, तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, माती वाहून जायची आणि सोनं पट्ट्यांमागे अडायचं.

तोवर धीर कसा धरायचा? तर संध्याकाळी खड्ड्यातली परातभर माती खोपटात न्यायची, चुलीवर बर्फ वितळवून कोमट पाणी करायचं आणि दिव्याच्या उजेडात थोडी धुऊन पाहायची. हे वाचलं आणि मला माझी कादंबरी दिसली. बाहेर उणे चाळीस, आत एक माणूस परात हलवतो आहे. तुमची ओसरी आणि ते खोपटं यांत मला फरक वाटेना.

मग तुम्ही मला शिकवलंत. तुमची जुनी जर्मनची परात, तिच्याखाली कायम दुसरी पाटी, म्हणजे शिकाऊ हातातून सांडलेलं वाया जाऊ नये. पहिले चार दिवस माझ्याकडून सगळं पाटीतच जात होतं. तुमची दोन दिवसांची धूळ मी तशी घालवली असती. तुम्ही रागावला नाहीत. माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, 'हात नको हलवूस. पाणी हलव.' सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड आणि वाळू जेमतेम अडीच पट, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण मनगटाला ते त्या दिवशी कळलं. आधी परात गदागदा हलवून जड ते तळाला बसू द्यायचं, मग कडा जराशी कलवून पाण्याची एक पातळ चादर वरच्या वाळूवरून ओढून न्यायची. शेवटी काळी रेघ उरते. त्या काळ्या रेघेच्या शेपटाला, मोहरीच्या टरफलाएवढा, एक पिवळा ठिपका.

मी आधी भलत्याच चकाकणाऱ्या कणावर बोट ठेवलं होतं. तुम्ही परात तुमच्या पदराच्या सावलीत घेतलीत. चकाकणारं विझलं. ठिपका तसाच पिवळा राहिला. 'चमकतंय ते अभ्रक. सोनं सावलीतबी पिवळंच दिसतंय.' हे वाक्य मी कादंबरीत जसंच्या तसं घेतलं आहे, फक्त तिथे ते युकॉनमधली एक बाई बोलते.

त्या बाईबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. तिचं नाव शाव त्ला. तिथल्या टागिश लोकांतली. गोऱ्यांनी तिला केट म्हटलं. 16 ऑगस्ट 1896 ला ज्या ओढ्यावर पहिलं सोनं दिसलं, त्या शोधाशी जोडलेल्या माणसांत तिचा नवरा जॉर्ज कार्मॅक, भाऊ केश, भाचा का गूश आणि ती. त्या काळी परातीला 10 सेंटचं सोनं निघालं तरी बरं म्हणत, आणि तिथे परातीला 4 डॉलर निघाले असं सांगतात. पहिल्यांदा कुणाच्या नजरेला पडलं याच्या वेगवेगळ्या कहाण्या आहेत, त्यातली एक तिच्या नावाची. शोधाचा मान मात्र कार्मॅकच्या नावावर लागला. ती खाणकऱ्यांसाठी चामड्याची पादत्राणं आणि हातमोजे शिवायची, त्यावर संसार चालायचा. 1900 मध्ये नवऱ्याने तिला कॅलिफोर्नियात सोडून दिलं. ती आपल्या लोकांत परत आली आणि 1920 मध्ये गेली. कॅनडाच्या खाण उद्योगाच्या मानकऱ्यांच्या यादीत 1999 मध्ये क्लोंडाइकच्या शोधासाठी चार पुरुष आले. शाव त्लाचं नाव यायला 2019 उजाडावं लागलं.

माझ्या पहिल्या दीडशे पानांत ती दोन ओळींपुरती होती. तुम्हाला भेटल्यावर कादंबरी तिची झाली. तिचे हात कसे असतील ते मला तोवर दिसतच नव्हते. तुमच्या नखांच्या कडेला बसलेली ती काळी रेघ पाहिली आणि दिसले.

तुमचा धंदाही डॉसनमध्ये होता, बरं का. तिथे नाण्यांऐवजी सोन्याचा चुरा चालायचा, दारूच्या दुकानातसुद्धा तराजूवर. तोलताना सांडायचंच. जमिनीवर भुसा पसरलेला असायचा, तो भुसा धुऊन लोक सोनं काढायचे. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ हसत होता आणि म्हणालात, 'मग आमचंच कोण तरी गेलं असंल तिकडं.' आमच्यातलं कुणी गेलं नसलं तरी त्या भुशाचं प्रकरण तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

सोन्याचे बारीक कण धरून ठेवणारा पारा मात्र तुम्ही मला हाताळू दिला नाहीत. 'त्यानं हात कापत्यात, तुला लिवायचं हाय,' म्हणालात आणि ती बाटली उंच फळीवर ठेवलीत. त्या वेळी मी काही बोलले नाही. तुमचे यजमान चहाची बशी दोन्ही हातांनी का धरतात ते मला त्या क्षणी समजलं, आणि आभार मानायचे राहून गेले ते आज मानते. धुळीचे मानते, परातीचे मानते, वाया घालवलेल्या दोन दिवसांचे मानते आणि त्या उंच फळीचेही.

पुस्तकं छापून आली आहेत. पुढच्या पौर्णिमेला कोल्हापूरला येते. तुमची परात अजून माझ्याकडेच आहे, तीही घेऊन येते. पहाटे गुजरीतच भेटेन, या वेळी आईला घरी पोचवून. नातीला म्हणावं, पहिलं प्रकरण वाचून दाखव आणि पाणी हलवायचं कुठे चुकलं असेल तर खूण करून ठेव.

तुमची,
पाटीत सांडणारी शिष्या