अप्पा, मधला स्पीकर आधी घ्या

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप अप्पांना साष्टांग नमस्कार,

दुकानातून पाठवलेला होम थिएटर सेटचा फोटो मोठा करून नीट पाहिला. पाच स्पीकर, एक वूफर आणि खोक्यावर ठळक अक्षरात '5000 वॉट पीएमपीओ'. तो सेट घेऊ नका. पीएमपीओ हा जाहिरातीचा आकडा, तो मोजायची ठरलेली रीतच नाही. आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते विचारा. आपल्या हॉलला प्रत्येक स्पीकरमागे खरे तीस-चाळीस वॉट भरपूर झाले. वॉट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच फरक कळतो.

आणि आईची तक्रार आवाज कमी असल्याची नाहीच. बोललेलं कळत नाही आणि गाणं लागलं की घर दणाणतं, हे ती फोनवर नेहमी सांगते. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकरही बारीक झाले, तेही बहुतेक खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. शिवाय सिनेमाच्या 5.1 ध्वनीत (पाच स्पीकर आणि जड आवाजाचा एक सबवूफर) संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. टीव्हीला तो स्पीकरच नाही, म्हणून संवाद, संगीत, पाऊस, गाड्या सगळं त्याच दोन इवल्या स्पीकरमधून एकत्र येतं. सेंटर वेगळा असला की रिसीव्हरच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये एकट्या त्याचा आवाज दोन-तीन डेसिबल वर घेता येतो, गाणं आहे तिथेच राहतं. आईसाठी मला नेमकं हेच हवंय.

नुसते दोन चांगले स्पीकर पुरतील का, असं दादा विचारत होता. बरोबर मध्ये बसणाऱ्याला पुरतात, त्याला आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. पण तुमची आरामखुर्ची खिडकीशी आहे. तिथे जवळचाच स्पीकर जास्त ऐकू येईल आणि माणूस पडद्यावर, बोलणं खिडकीत असं होईल.

म्हणून तुमच्या साठ हजारांत आत्ता एवढंच बसवा: साधा 5.1 एव्ही रिसीव्हर, पुढची बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरची जोडी आणि त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला सेंटर, म्हणजे तिघांचा आवाज एका जातीचा राहील. सबवूफर दिवाळीला बघू. मागचे स्पीकर सध्या नकोतच. आपला सोफा भिंतीला टेकलेला, एका अंगाला स्वयंपाकघराचं दार, ते लावणार कुठे? रिसीव्हरवर त्यांच्या जागा रिकाम्या राहतील, पुढे कधीही जोडता येतील. साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची एकच लांब पट्टी, आटोपशीर असतो हे खरं, पण त्यात असं एकेक वाढवत जाणं सहसा जमत नाही आणि एक भाग बिघडला की सगळाच अडतो.

तुमच्या मालिका आणि नाटकं दोनच चॅनलची, म्हणजे नुसत्या डाव्या-उजव्या आवाजाची, असली तरी हरकत नाही. रिसीव्हरमधला डॉल्बी सराउंड मोड दोन्हीकडे सारखा असलेला आवाज ओळखून मधल्या स्पीकरकडे वळवतो, आणि बोलणं बहुधा तसंच सारखं असतं.

इथून आणायचा विचार मात्र सोडा. इथे वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230. इथला रिसीव्हर तिकडच्या प्लगला तसाच लावला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचा म्हटलं तर तो जड, वर वॉरंटीचा प्रश्न. साताऱ्यात किंवा पुण्यात घ्या, दुरुस्तीला माणूस जवळ असेल. वायरसुद्धा महागडी नको, वीजसामानाच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची दोनपदरी वायर तुमच्या अंतराला उत्तम.

दुकानात आईला घेऊनच जा. धडाडधूम दाखवायला लागले तर थांबवा आणि बातम्या किंवा एखादं नाटक लावायला सांगा. आवाज लहान ठेवूनही तिला शब्द न् शब्द कळला पाहिजे. आपल्या हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. सोफ्यापुढे जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा टाकलात तर त्या खर्चात याहून मोठी सुधारणा दुसरी नाही. सेंटर टीव्हीच्या खाली, किंचित वर तोंड करून ठेवा. रिसीव्हर तापतो, त्यावर आईचं विणलेलं आच्छादन घालू नका, वर वीतभर जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

जोडताना टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टचीच वायर वापरा, टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे तिथूनच जातो. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा, नाहीतर एआरसीवरून दोनच चॅनल पुढे जातात. हे दादाकडून करून घ्या, मी व्हिडिओ कॉलवर असेन.

टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो, हॉलची लांबी-रुंदी आणि तुमच्या खुर्चीपासून टीव्हीचं अंतर कळवा. मॉडेल त्यानंतर ठरवू, तोवर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका.

आईला नमस्कार, चिमूला गोड पापा.

तुमची,
मनू