दांडी नवी, केबल मात्र जुनीच

महोदय,

जलाशयांवरील प्रवासी लाँचच्या सुरक्षेविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेला लेख वाचला. लाइफ जॅकेट, प्रवाशांची मर्यादा आणि वाऱ्याचा अंदाज यांवर त्यात दिलेला भर रास्तच आहे. परंतु लाँच चालवणाऱ्याच्या हाताशी ज्या दोन दांड्या असतात, एक इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी थ्रॉटलची आणि दुसरी पुढे, न्यूट्रल व मागे असा गिअर टाकणारी, त्यांचा उल्लेख त्या लेखात कुठेही नव्हता. मी नौदलात 15 वर्षे इंजिनरूममध्ये नोकरी केली असून सध्या साताऱ्यात डिझेल इंजिने आणि पंप दुरुस्त करतो. अलीकडेच एका मित्राच्या जुन्या शिडाच्या बोटीवरील याच दोन दांड्या बदलण्याचे काम माझ्या हातून झाले. त्या कामात जे ध्यानात आले ते आपल्या जिल्ह्यातील लाँचनाही लागू पडणारे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही बोट रत्नागिरीकडच्या एका खाडीत उभी असते. ती फायबरची आहे आणि तिचे वय चाळिशीच्या घरात आहे. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असे माझ्या घरीही विचारले गेले. वारा पडला किंवा अरुंद जागेतून धक्क्याला लागायचे असले की शिडे उतरवून छोट्या डिझेल इंजिनावरच विसंबावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी चूक सावरायला जागा नसते. सुकाणूचे चाक ज्या खांबावर बसवलेले असते त्याच्या माथ्यावर होकायंत्र आणि त्याच्या खाली दोन बाजूंना या दोन दांड्या, अशी त्या काळच्या बोटींची मांडणी आहे. थ्रॉटलची मूठ लाल आणि गिअरची काळी, हा रंगांचा संकेतही त्या बोटीवर शिल्लक होता, म्हणजे खरवडून पाहिल्यावर सापडला.

मित्राची तक्रार अशी होती की गिअरची दांडी दोन्ही हातांनी ओढावी लागते आणि थ्रॉटल हात सोडताच आपोआप मागे येतो. दांड्या जस्ताच्या ओतीव होत्या. वरचा क्रोमचा मुलामा फुगून पापुद्रे सुटले होते, त्यामुळे दोष दांड्यांचाच आणि नव्या बसवल्या की काम झाले, असे त्याने ठरवूनही टाकले होते. मी त्याला आधी दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल दोन्ही टोकांना सोडवायला लावली. दांडी, केबल आणि गिअरबॉक्सचा आर्म, म्हणजे केबलचे टोक जोडलेला गिअरबॉक्सवरील छोटा हात, ही तिन्ही वेगवेगळी हलवून पाहिल्याशिवाय दुखणे कुठे आहे ते कळत नाही. गिअरबॉक्सचा आर्म दोन बोटांनी टक्क आवाज करीत पुढे-मागे पडत होता, म्हणजे तिथे काहीच बिघडलेले नव्हते. दांडी ज्यावर फिरते तो दांडा (शाफ्ट) जाम होता हे खरे. ॲल्युमिनियमच्या घरात स्टेनलेसचा दांडा वर्षानुवर्षे खाऱ्या हवेत बसला की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने दांड्याला फिरायला जागा उरत नाही. पण केबल त्याहून वाईट अवस्थेत होती. तिचे बाहेरचे प्लॅस्टिक एका वळणावर तडकले होते, तिथून पाणी आत शिरून आतली तार फुगली होती, आणि टोकाच्या आट्यांवर गंजाचा इतका थर होता की नट कापूनच काढावा लागला. वरची दांडी नवी बसवून ही केबल तशीच ठेवली असती, तर नवी दांडीही महिनाभरात वाकली असती.

जाम झालेला दांडा हातोड्याने ठोकून काढायचा मोह अनेकांना होतो. ॲल्युमिनियमचे घर त्याने फुटते. आम्ही दोन दिवस गंज सोडवणारे तेल मुरू दिले आणि मग घर बाहेरून हळूहळू तापवले. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे भोक मोठे होते आणि दांडा सुटतो. तसा तो सुटला.

त्या दांड्या बनवणारी कंपनी आता अस्तित्वात नसल्याने सुटा भाग विकत मिळण्याची शक्यता नव्हती. ज्या जिल्ह्यात सर धनजीशा कूपर यांनी सातारा रोड या गावी डिझेल इंजिनांचा कारखाना उभा केला, तिथे ही अडचण म्हणजे अडचणच नव्हे, असे मी मित्राला थोड्या गुर्मीनेच सांगितले. जुनी दांडी नमुना म्हणून देऊन औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या फाउंड्रीत गनमेटलच्या, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या, दोन दांड्या ओतून घेतल्या. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे जुन्या वस्तूवरून घेतलेला साचा नेहमी किंचित लहान वस्तू देतो. हे ठाऊक असलेल्या मिस्त्रीने भोक ओतकामात ठेवलेच नाही. ते नंतर लेथवर दांड्याच्या मापाला पाडले आणि दांडी दांड्यावर घसरू नये म्हणून लागणारी खाच, म्हणजे कीवे, स्लॉटिंग मशीनवर काढला. आजवर हातात घेतलेल्या कोणत्याही आयात मालापेक्षा त्या दोन दांड्यांचे फिनिशिंग सरस आहे, असे माझे मत आहे. ते पक्षपाती असू शकेल.

होकायंत्राचीही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. दांड्या त्याच्या अगदी खाली असल्याने त्या जागी लोखंडाचा एकही बोल्ट चालत नाही. प्रत्येक बोल्ट बसवण्यापूर्वी होकायंत्राजवळ नेऊन पाहिला. स्टेनलेस म्हणून दुकानातून आणलेल्या सहा बोल्टांपैकी एकाने तबकडी चांगलीच फिरवली. तो बोल्ट आता माझ्या वर्कशॉपच्या खिडकीची कडी म्हणून काम करतो.

मित्राचा आग्रह दोन दांड्यांऐवजी एकच आधुनिक दांडी बसवण्याचा होता. एका दांडीच्या रचनेत आधी गिअर पडतो आणि मगच वेग वाढतो, त्यामुळे इंजिन भरधाव असताना गिअर टाकण्याची चूक होऊच शकत नाही. हा फायदा खरा आहे, आणि जिथे एका बोटीवर आज एक व उद्या दुसरा चालक असतो तिथे मी तिचीच शिफारस करीन. पण त्या बोटीवर ती बसवायला बाजूच्या भिंतीत नवे भोक पाडावे लागले असते, आणि ती जागा गुडघ्याच्या उंचीवर असल्याने शिडाचा दोर तिच्यात अडकण्याची भीती होती. म्हणून दोन दांड्यांवरच कायम राहिलो.

नवी केबल आणताना जुनी केबल टोकापासून टोकापर्यंत, आट्यांसकट, मोजून नेली. दुकानात ज्या केबलला 33 सी म्हणतात ती छोट्या बोटींवर सर्रास वापरली जाते. तिची आतली तार जास्तीत जास्त 3 इंच सरकते आणि तिला 8 इंचांपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. तार ओढणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे तिने करायची असतात, म्हणूनच ती जाड आणि ताठ असते.

आपल्या जिल्ह्यातील लाँचशी या गोष्टीचा थेट संबंध आहे. काही लाँचवर थ्रॉटलला मोटरसायकलच्या क्लचची किंवा ट्रॅक्टरच्या ॲक्सिलरेटरची केबल लावलेली मी पाहिली आहे. ती फक्त ओढते, ढकलत नाही. मागे आणण्याचे काम स्प्रिंगवर सोडलेले असते. डिझेल इंजिनाला हवा अडवणारी झडप नसते. थ्रॉटलची दांडी फ्युएल पंपावरील गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाला, किती फेऱ्यांवर राहायचे एवढेच सांगते. ती स्प्रिंग तुटली किंवा केबल आत अडकली, तर वर दांडी मागे ओढली तरी खाली गव्हर्नरला काहीच कळत नाही आणि इंजिन आहे त्याच वेगाने चालत राहते.

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातील एका जलाशयावर मी प्रवासी म्हणून अशाच एका लाँचमध्ये होतो. धक्का जवळ आल्यावर चालकाने गिअरची दांडी पूर्ण मागे ओढली. दांडी मागे गेली, लाँच पुढेच जात राहिली. रिव्हर्स पडला आहे, फक्त जोर कमी पडतो आहे, असे समजून त्याने थ्रॉटल वाढवला आणि लाँच दगडी पायऱ्यांवर आदळली. सुदैवाने कोणाला लागले नाही, एका आजींचा दुधाचा कॅन तेवढा सांडला. नंतर फळी उचलून पाहिले तर केबलचे बाहेरचे आवरण धरून ठेवणारा क्लॅम्प सुटला होता. तसे झाले की दांडी हलवल्यावर आतल्या तारेऐवजी सगळी केबलच सरकते आणि गिअरबॉक्सचा आर्म जिथे होता तिथेच राहतो. दांडी मात्र नवी होती, चकचकीत. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही; त्याच्या हाताने सगळे बरोबर केले होते.

याहून दिसायला सौम्य पण महाग पडणारा दोष म्हणजे आर्म अर्धवट सरकणे. मित्राच्या बोटीवरील गिअरबॉक्स जर्मन बनावटीचा आहे आणि त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की न्यूट्रलपासून पुढे किंवा मागे आर्म केबल जोडण्याच्या त्याच्या दोन भोकांपैकी बाहेरच्या भोकाशी किमान 35 मिलिमीटर आणि आतल्या भोकाशी 30 मिलिमीटर सरकला पाहिजे. जास्त सरकला तर बिघडत नाही. कमी सरकला तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरत राहतो, तापतो, आणि गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास येऊ लागतो. बोट तरीही चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस भर पाण्यात चालेनाशी होते. कोयना जलाशयाकाठच्या बामणोली-तापोळ्याच्या परिसरात, विशेषतः कांदाटी खोऱ्यातील गावांना, लाँच हे सहलीचे नव्हे तर बाजाराचे आणि दवाखान्याचे साधन आहे. वासोटा किल्ल्याला जाणारे पर्यटक दिसतात, हे प्रवासी बातमीत दिसत नाहीत.

1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि यांत्रिक बोटींची नोंदणी व तपासणी त्यात बंधनकारक आहे. या तपासणीत दोन गोष्टी आवर्जून पाहिल्या जाव्यात, एवढीच माझी मागणी आहे: थ्रॉटलला ओढणारी-ढकलणारी केबल आहे की दुचाकीची, आणि गिअरचा आर्म त्या त्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका सरकतो की नाही. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, पट्टी आणि अर्धा तास पुरतो. आपल्या वार्ताहराने पुढील वेळी लाँचची पाहणी केल्यास त्यानेही चालकाला विनंती करावी, की इंजिन बंद असताना एकाने दांडी पुढे टाकावी, दुसऱ्याने फळी उचलून आर्म किती सरकला ते पट्टी लावून दाखवावे, आणि तो आकडा लाइफ जॅकेटच्या संख्येशेजारी छापावा.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, सातारा