ठसा जुळला नाही, म्हणून धान्य अडवू नका

महोदय,

रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर (आधारवरून ओळख पटवणाऱ्या यंत्रावर) बोटाचा ठसा जुळला नाही, की कार्डधारकाला 'उद्या या' म्हणून वाटेला लावले जाते. धुणीभांडी, कोळंबी सोलणे, बांधकाम अशी कामे करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषाच झिजतात. हात धुऊन, कोरडे पुसून दुसरे बोट लावले तर पुष्कळदा काम होते, पण रांग लांब असली की तेवढा धीर कोण धरतो? ओटीपीचा पर्याय आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बदललेला असला की संपतो.

मुलांचे आणखी वेगळे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारमध्ये ठसे नसतातच; ते पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी नोंदवावे लागतात. ते राहून गेले, तर ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळख पडताळणी) रखडते आणि 'प्राधान्य कुटुंब' गटातील कार्डावरच्या दरमहा माणशी 5 किलोंपैकी त्या मुलाचा वाटा धोक्यात येतो.

ठसा जुळला नाही तरी धान्य नाकारू नये, अशा नोंदी वेगळ्या वहीत ठेवाव्यात, असे केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. दुकानात ही वही मागून पाहा! अन्नसुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 8 मध्ये न मिळालेल्या धान्याबदली भत्त्याची तरतूद आहे, पण परत पाठवल्याची नोंदच नसेल तर तो मागायचा कशाच्या आधारावर?

शिधावाटप कार्यालयांनी दुकानांच्या फलकावर साठ्याच्या आकड्यांशेजारी, ठशाअभावी किती जण परत गेले तेही दरमहा लिहायला लावावे.

– एक वाचक, घाटकोपर, मुंबई